सोलापूरकर सरन्यायाधीशांचे कॉलेज

देशाचे 49वे सरन्यायाधीश (ऑगस्ट ते नोव्हेंबर 2022) उदय लळीत यांचा जन्म सोलापूरचा. कायद्याचे शिक्षण मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात.

• स्थापना : 1855.
• विद्यार्थी : लोकमान्य टिळक, एलएल.बी. 1879.
• अध्यापक : पां. वा. काणे. वकिली करत त्यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चे पाच खंड लिहिले (1930-1962). 1963 मध्ये भारतरत्न.
• प्राचार्य : डॉ. बाबासाहेब आंबेडकर, नियुक्ती 1935. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ पुढच्याच वर्षी प्रसिद्ध.
• सोलापुरात : जिल्ह्यातील विधी महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. 2004 मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. आता त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ.