थंडीतली रानवाट आणि सायकल

पौषातली पहाट, अंगावर घोंगडी आणि चुलीपुढची जागा सोडून सायकलवर रानात जायचे म्हटले, तर घरची माणसे म्हणणारच, "काय वेड लागलंय का?" पण ज्याने एकदा महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, हिरडा, पिसा यांच्या सावलीतून हिवाळ्यात सायकल हाकली, त्याला ते वेड पुन्हा पुन्हा लागते. आज त्या वेडामागचे थोडे शहाणपण सांगणार आहे. ते मला फुकट मिळालेले नाही.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा आठवीतला पुतण्या वेण्णा तलावाच्या अंगाला उतरणाऱ्या एका वाटेने निघालो. पोरगा पुढे, मी मागे. उतार लागला, सायकल सुटली, आणि वळणावर पोरगा ओल्या पाचोळ्यात आडवा झाला. धावत गेलो तर म्हणतो, "काका, ब्रेक दाबायचा होता हो, पण बोटंच वळंनात!" मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. सायकल दुरुस्तीला नेली, तेव्हा दुकानातले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, सायकलीत काही खोट नाही. थंडीचा हिशेब तेवढा तुम्ही केला नव्हता."

तो हिशेब असा आहे.

पहिली गोष्ट, थंडी सगळीकडे सारखी नसते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, म्हणजे रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि तिच्यालगतची हवा गार होते. गार हवा जड. ती पाण्यासारखी सखल जागी वाहत जाते. म्हणून वेण्णा तलाव आणि लिंगमळा या भागांत काही पहाटे गवतावरचे दव गोठून पांढरे दिसते. तापमापक मात्र शून्याच्या चार-पाच अंश वर असतो, कारण तो जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवलेला असतो. तेव्हा टेकाडावर बरे वाटले, म्हणून खालच्या वळणावरही तसेच असेल असे धरून चालू नये. उतरताना आपण थंडीच्या तळ्यातच उतरत असतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपले अंग स्वतःभोवती हवेचा एक ऊबदार पदर राखून असते. सायकल पळू लागली की वारा तो पदर ओढून नेतो. हवा ८ अंशांची असली आणि सायकल ताशी २० किलोमीटर वेगाने जात असली, तर उघड्या कातडीला सुमारे ५ अंशांची थंडी लागते. सगळ्यांत पुढे असतात ती हँडलवरची बोटे. ती बधिर झाली की ब्रेक उत्तम असूनही नसल्यासारखाच. म्हणून हातमोजे हवेतच. चढावर गुंड्या सोडा, म्हणजे घामाने कपडे भिजणार नाहीत. उतारापूर्वी थांबून गुंड्या लावा. स्वेटरच्या आत छातीवर जुने वर्तमानपत्र घालावे. वारा अडवायला त्याच्यासारखे स्वस्त साधन नाही. युरोपातले शर्यतीचे सायकलस्वार डोंगर उतरताना हेच करीत.

तिसरी गोष्ट चाकातल्या हवेची. हवा थंडीने आकसते. दुपारी ३० अंशांच्या उन्हात ४० पौंड हवा भरली, तर पहाटे ८ अंशांवर ती सुमारे ३६ पौंडच भरते. रानवाटेवर थोडी मऊ चाके बरी, कारण ती जमीन धरून चालतात. पण फार मऊ झाली, तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेपते आणि पंक्चर होते. निघण्यापूर्वी अंगठ्याने दाबून पाहावे.

चौथी गोष्ट ब्रेकची. दवाने रिम भिजली की ब्रेकची रबरे घसरतात. उताराआधी दोन्ही ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. ओल्या पाचोळ्यावर पुढचा ब्रेक एकदम आवळला, तर चाक अडकते आणि माणूस पडतो. वाटेत आडवे मूळ आले तर ते तिरके न ओलांडता सरळ, काटकोनात ओलांडावे.

ब्रेकवरून एक गंमत आठवते. डोंगरी सायकलीचा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात १९७०च्या दशकात वाढला. तिथे १९७६ साली तरुणांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. त्यांच्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि दर खेपेनंतर ग्रीस पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. चढणे पायांचे काम असेल. उतरणे मात्र ब्रेकचेच काम आहे.

रानाचेही काही देणे आहे. हा भाग २००१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. जिथे जाण्यास मुभा आहे त्याच वाटेने जावे. नवी वाट पाडली, तर पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो आणि माती वाहून जाते. गवा दिसला तर लांबच थांबावे, घंटी वाजवू नये, त्याला जाऊ द्यावे. एकटे जाऊ नये. डोक्यावर हेल्मेट, खिशात गूळ-शेंगदाणे आणि बाटलीत पाणी असू द्यावे. थंडीत तहान जाणवत नाही, पण अंगातले पाणी खर्च होतच असते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या शाळेत कितीतरी मुले-मुली पहाटेच्या गारठ्यात सायकलवर येतात. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे काढून त्यांचे ब्रेक, चाकातली हवा आणि हातमोजे पाहा. मोजे नसतील तर जुन्या पायमोज्यांनीही काम भागते.

माझा पुतण्या पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आला. त्याच उतारावर पोचताच, मी काही बोलायच्या आत तो खाली उतरला, मुठी उघडून मिटून पाहिल्या, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि म्हणाला, "काका, आता चला." आम्ही सावकाश उतरलो. खाली गवतावर दव पांढरे झाले होते, आणि ऊन नुकतेच तलावावर येत होते.