पायाचे घट्टे अन् कुरूप : ब्लेड लावू नका, दाब काढा



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात नदीतली मासेमारी बंद राहते. या दोन महिन्यांत आपण जाळी शिवतो, डोंगे दुरुस्त करतो. पायांची दुरुस्ती मात्र राहूनच जाते. वर रोवणीच्या चिखलात तेच पाय दिवसभर जातात. म्हणून आज पायांबद्दल लिहितो आहोत.

घट्टा कसा पडतो?

चामडीवर एकाच जागी रोज दाब आला, घासलं गेलं, की ती स्वतःला वाचवायला जाड होते. जाळं ओढताना आपण टाच रोवतो, डोंग्याच्या काठावर पाय टेकवतो, वैनगंगेच्या गोट्यांवर उघड्या पायानं चालतो. बाजाराला मासोळी घेऊन जाणाऱ्या बायांच्या पायात पातळ घासलेली चप्पल अन् डोक्यावर टोपलं. सगळं वजन तळव्यावर.

ओळखायचं कसं?

• घट्टा : पसरट, पिवळसर, जाड चामडी. सहसा दुखत नाही.
• कुरूप (कोणी भोवरी म्हणते, हिंदीत गोखरू) : लहान, गोल, मधात खिळ्यासारखं कडक टोक आत गेलेलं. वरून दाबलं की कळ येते.
• ओलं कुरूप : बोटांच्या मधात, जास्त करून करंगळी अन् तिच्या शेजारच्या बोटात. पांढरं, मऊ, फार दुखरं. चिखल्यांसारखं दिसते, पण चिखल्यांना खाज येते अन् त्याचं औषध वेगळं.
• तळव्याची चामखीळ : बारीक काळे ठिपके दिसतात, दोन्ही बाजूंनी चिमटलं की जास्त दुखते. ही विषाणूनं होते, घरच्यांनाही लागू शकते.

घरी काय करायचं?

१. रात्री कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं पाय बुडवा. पाणी हातानं नाही, कोपरानं तपासा. आपल्या हातालाही घट्टे असतात, त्याला गरम कळत नाही.
२. वजरीनं हलकं घासा. एका दिवसात सगळं काढायचं नाही. चामडी गुलाबी दिसली की थांबा. प्रत्येकाची वजरी वेगळी ठेवा.
३. पाय पुसून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा. बोटांच्या मधात लावू नका, ती जागा कोरडीच पाहिजे.
४. कुरुपावर मधात भोक असलेली मऊ गादी लावा. भोक कुरुपावर आलं की दाब बाजूला वाटला जाते. मेडिकलवाल्याकडे मागा.

असं काही आठवडे नेमानं केलं तर फरक दिसते. पण ज्या चपलेनं, ज्या जागेनं घट्टा पडला ती तशीच राहिली तर तो परत येणारच. चप्पल बुडाला जाड अन् बोटांपाशी रुंद घ्या. जुन्या चपलेचा तळ पाहा. जिथं जास्त झिजला आहे, तिथंच तुमचा दाब पडते. गमबूट घालायच्या आधी उलटा करून झटका. खडा अन् विंचू दोन्ही निघतात. डोंग्यावरून उतरल्यावर पाय धुवून बोटांच्या मधात कोरडे पुसा.

हे करू नका

ब्लेडनं, चाकूनं, नखं काढायच्या कात्रीनं कापू नका. आपला पाय परत चिखलात अन् पाण्यात जाणार. छोटी जखमही चिघळते, धनुर्वाताचा धोका वेगळा. बिब्बा किंवा रुईचा चीक लावून कुरूप जाळायची पद्धत आपल्याकडे आहे. त्यानं कुरुपासंगं आजूबाजूची चांगली चामडीही भाजते. मेडिकलात मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक आम्ल असते. तेही चामडी जाळूनच काम करते, म्हणून विचारून अन् फक्त कुरुपावरच लावा.

शुगरवाल्यांनी इकडे लक्ष द्या

ज्याला शुगर आहे किंवा कुष्ठरोगामुळे पाय सुन्न आहे, त्यानं घरी काहीच कापू-जाळू नये. कॉर्न कॅपही नाही. सुन्न पायाला दुखत नाही, म्हणून माणूस तसाच चालत राहते. घट्ट्याच्या खाली जखम होते, पिकते अन् वरून काहीच दिसत नाही. पाय कापायची पाळी बहुतेक वेळा अशाच लहान जखमेपासून येते. पाय गेला तर डोंगा कोण चालवणार?

घरीच एक तपासणी करा. डोळे मिटून बसा. घरच्या कोणी तुमच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला अन् करंगळीला बोटाच्या टोकानं अलगद स्पर्श करावा. दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर डॉक्टरला पाय दाखवा.

याशिवाय घट्ट्याखाली काळं-निळं दिसलं, पाणी किंवा पू आला, वास आला, पाय लाल होऊन सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी लामत्याच्या सरकारी दवाखान्यात जा. शुगर तपासून घ्या. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते अन् तो पूर्ण बरा होते, लपवायचं कारण नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे मोबाईलवर वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. अन् आज रात्री त्यांचे तळवे एकदा उजेडात पाहून घ्या.