बारच्या पायरीवरची सिगारेट

सोलापुरातल्या वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तांत एक शब्दप्रयोग इतका रुळला आहे की वाचताना डोळा त्यावर थांबतही नाही: ‘किरकोळ कारणावरून मारहाण’. कारण कधी धक्का लागल्याचं, कधी आडवी लावलेली गाडी काढायला सांगितल्याचं, तर कधी ‘माझ्याकडे का बघतोस’ एवढंच. वेळ रात्रीची, आणि जागा पुष्कळदा परमिट रूमच्या आतली नव्हे तर बाहेरची. पायरी, पानटपरी, भुर्जीची गाडी. यावरून एक तर्क लढवता येतो आणि तो ऐकताक्षणी पटतोही. आत सिगारेट ओढायला बंदी, म्हणून पिणारा घटकेघटकेला रस्त्यावर येतो. आत आपापल्या टेबलाशी पाठमोरे बसलेले अनोळखी लोक आता एकाच पायरीवर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. दारू पोटात गेलेली, मॅनेजरचा धाक काचेच्या दारामागे राहिलेला. मग भांडण न झालं तरच नवल. थोडक्यात, सरकारने धूर बाहेर काढला आणि धुराबरोबर मारामारीही रस्त्यावर आणली.

हा तर्क हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण माणसं बाहेर ढकलली जाणं हे या कायद्याच्या रचनेतच आहे. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. 2003 मध्ये तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे सुधारित नियम लागू झाले. या नियमांनी उपाहारगृहाच्या व्याख्येत बार आणि पब नावानिशी घातले. ओढणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड, आणि मालकाने टेबलावर अ‍ॅश ट्रे किंवा काडेपेटी ठेवायची नाही. तीस किंवा त्याहून जास्त आसनं असतील तर धूम्रपानासाठी वेगळी खोली करता येते, पण तिला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि हवा थेट बाहेर फेकणारी यंत्रणा लागते. 2017 च्या दुरुस्तीनंतर त्या खोलीत खाणं-पिणं पुरवायलाही मनाई झाली. आठ-दहा टेबलांच्या परमिट रूमचा मालक असल्या खोलीच्या फंदात कशाला पडेल? 2003 च्या कायद्यातल्या सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे, आणि आपल्याकडे बारपुढची मोकळी जागा म्हणजे बहुतेक वेळा फूटपाथ, तोही असलाच तर. बाहेर येणारा माणूस थेट रहदारीत येतो. इथपर्यंत तर्क बरोबर आहे.

पण माणूस बाहेर आला म्हणजे भांडण वाढलंच, हे मात्र सिद्ध करावं लागेल. तसं होत असेल तर त्याचा सर्वांत ठळक पुरावा ब्रिटनमध्ये मिळायला हवा. स्कॉटलंडमध्ये मार्च 2006 मध्ये आणि इंग्लंडमध्ये 1 जुलै 2007 रोजी पबच्या आतलं धूम्रपान बंद झालं. त्या वेळी तिथल्या प्रौढांपैकी साधारण पाचातला एक सिगारेट ओढत होता आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्रीची मारामारी ही तिथली जुनीच डोकेदुखी होती. एका रात्रीत लाखो माणसं पबच्या दाराशी येऊन उभी राहिली. शेजाऱ्यांनी गोंगाटाच्या आणि फूटपाथवरच्या थोटकांच्या तक्रारी केल्या. हिंसाचाराचा आलेख मात्र उसळला नाही. इंग्लंड आणि वेल्समधली गुन्हेविषयक पाहणी पोलिसांच्या नोंदींवर नव्हे तर घरोघर विचारलेल्या प्रश्नांवर चालते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून हिंसाचारात जी घसरण तिच्यात दिसते, ती बंदीनंतरही चालू राहिली. तेवढ्यावरून बंदीमुळे भांडणं घटली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, कारण घसरणीची कारणं अनेक आहेत. पण बंदीने भडका उडवला असता तर तो इतका लपून राहिला नसता.

यावर चोख आक्षेप असा घेता येईल की देशभराची सरासरी घटत असताना पबच्या दारातली भांडणं गुपचूप वाढली असतील. त्याला उत्तर ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात सापडतं. तिथल्या राज्यात पबच्या बंदिस्त भागातलं धूम्रपान जुलै 2007 मध्ये बंद झालं, म्हणजे ओढणारे बाहेर आलेच होते. मार्च 2008 मध्ये शहराच्या मध्यभागातल्या चौदा पबांची बंद होण्याची वेळ पहाटे पाचवरून साडेतीनवर आणण्यात आली आणि ठरावीक वेळेनंतर नवं गिऱ्हाईक आत घेणं थांबवण्यात आलं. शेजारच्या हॅमिल्टन भागाशी तुलना करता रात्रीचे हल्ले सदतीस टक्क्यांनी घटले. सिगारेटवाले जिथे होते तिथेच, पायरीवर होते. बदललं ते घड्याळ. नॉर्वेतल्या अठरा शहरांच्या अभ्यासात बंदची वेळ एका तासाने पुढे-मागे झाली की हिंसाचार सोळा टक्क्यांच्या आसपास वर-खाली होतो असं दिसलं. ब्राझीलच्या दियादेमा शहराने 2002 मध्ये बार रात्री अकराला बंद करायला लावले आणि तिथले खून दर महिन्याला नऊच्या आसपास कमी झाले. तीन देश, तीन तऱ्हेची शहरं, आणि तिन्हीकडे बोट एकाच गोष्टीकडे जातं: माणसं किती उशिरापर्यंत पितात आणि बाहेर किती जण एकदम पडतात.

एकदम हा शब्द इथे महत्त्वाचा. सिगारेटसाठी बाहेर येणारे एकेक-दोघे येतात, पाच मिनिटं थांबतात आणि परत जातात, कारण टेबलावर त्यांचा ग्लास आणि बिल दोन्ही वाट पाहत असतात. शटर पडतं तेव्हा सगळा हॉल एका दमात रस्त्यावर रिकामा होतो, आणि तोही सर्वांत जास्त प्यायलेल्या घटकेला. महाराष्ट्र शासनाच्या डिसेंबर 2017 च्या अधिसूचनेत परमिट रूम आणि बिअर बारना रात्री दीडपर्यंतची मर्यादा घातलेली आहे. स्थानिक पोलीस ती आखडूही शकतात. शटर पडल्यानंतरच्या अर्ध्या तासात विजापूर रोड किंवा होटगी रोडच्या कडेला काय जमतं ते डोळ्यांपुढे आणावं. एकमेकांत अडकलेल्या दुचाकी, ‘शेवटचा’ म्हणून घाईने संपवलेला पेग, बिलावरून आधीच झालेली कुरबुर आणि एकाच उघड्या भुर्जीच्या गाडीभोवती झालेला घोळका. यात कुणाच्या हातात सिगारेट असेलही. पण ती काढून घेतली तरी बाकीचं सगळं तसंच राहतं.

शिवाय सोलापूरचा तंबाखू हा बराचसा ओढण्याचा नव्हे, चघळण्याचा आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के होते. पिणाऱ्या पुरुषांत ओढणाऱ्यांचं प्रमाण या सरासरीहून बरंच जास्त असणार, हे मान्य. तरीही मावा दाढेत धरून बसलेल्याला ओढायला बाहेर जावं लागत नाही. थुंकायला गेला तर तेवढाच. गंमत अशी की हे शहर विड्यांचं आहे. इथल्या पूर्वभागातल्या तेलुगूभाषक घरांतून हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या, कुंभारीला त्यांच्यासाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पण वळणारं शहर आणि ओढणारं शहर एकच असतं असं नाही. तेव्हा पाचात एक ओढणाऱ्या देशात जो परिणाम ठळक दिसला नाही, तो इथे मोठा असेल असं मानायला आधार हवा, आणि तो सापडत नाही.

आणखी एक कसोटी घरच्या घरी लावता येते. सोलापुरात दारू फक्त परमिट रूममध्ये प्यायली जात नाही. वाइन शॉपच्या मागच्या बोळात, मोकळ्या प्लॉटवर, हायवेच्या कडेला उघड्यावर बसणारे कितीतरी. हातभट्टीचा व्यवहार तर एवढा मोठा होता की 2021 मध्ये ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांना मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांसाठी ‘ऑपरेशन परिवर्तन’ ही हातभट्टीविरोधी मोहीम हाती घ्यावी लागली. उघड्यावर बसणाऱ्यांना सिगारेटची बंदी लागूच नाही; जिथे बसले तिथेच ओढतात. भांडणं तिथेही होतात. तिथे ती बंदीच्या खात्यावर कशी टाकणार?

मग बंदीनंतर भांडणं बाहेर वाढली असं का वाटतं? मला याचं एक कारण दिसण्या-न-दिसण्यात आहे असं वाटतं. आत झालेली झोंबाझोंबी मालक दाबून टाकतो. वेटर मध्ये पडतात, दोघांना दोन दारांनी बाहेर काढतात, कारण परवाना उत्पादन शुल्क खात्याच्या हाती असतो आणि पोलिसांत नाव जाणं कुणालाच परवडत नाही. तीच झोंबाझोंबी चार पावलं बाहेर सरकली की ती सगळ्या रस्त्याची होते. कुणी मोबाइलवर टिपतं, कुणी पोलिसांना फोन करतं, दुसऱ्या दिवशी बातमी येते. बाहेरच्या गर्दीबद्दलचा आपला समजही थोडा तपासायला हवा. अ‍ॅमस्टरडॅम, केप टाउन आणि लँकेस्टर इथल्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासणाऱ्या 2019 च्या अभ्यासात दहातल्या नऊ प्रसंगी बघ्यांपैकी निदान एकाने तरी मध्ये पडून सोडवासोडव केली होती. पायरीवर उभा असलेला सिगारेटवाला भांडणाचं सरपण असू शकतो, तसाच हात धरणाराही.

बंदीला दुष्परिणाम नसतातच असं मात्र मी म्हणणार नाही. स्कॉट अ‍ॅडम्स आणि चॅड कॉटी या अर्थशास्त्रज्ञांना 2008 मध्ये अमेरिकेत असं आढळलं की बारमधल्या धूम्रपानबंदीनंतर दारू पिऊन झालेले जीवघेणे अपघात वाढले. ओढणारे बंदी नसलेल्या दूरच्या बारपर्यंत गाडी हाकत जात होते. सवय एका जागेवरून हटवली की ती दुसरी जागा शोधते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा निकाल दिला, तेव्हा पुणे-हैदराबाद आणि विजापूरकडे जाणाऱ्या महामार्गांवर वसलेल्या सोलापूरलाही हा धडा घ्यावा लागला. पण तो अमेरिकी अनुभव आपल्याकडे लागू पडत नाही, कारण आपली बंदी देशभर एकसारखी आहे. धूर काढायला पलीकडचा जिल्हा शोधत जाण्यात काही अर्थ नाही.

बंदी उठवून लोकांना परत आत बसवा, असं म्हणणाऱ्याने तिथे उभ्या असलेल्या माणसाचाही विचार करावा. गिऱ्हाईक दोन तासांनी उठून जातं. वेटर तिथे रोज दहा-बारा तास असतो. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच नोंदवलं आहे. स्कॉटलंडमध्ये बंदीनंतर दोनच महिन्यांत बारमधल्या कामगारांचा खोकला आणि छातीतली घरघर कमी झाली, आणि तिथल्या नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणाऱ्यांचं प्रमाण सतरा टक्क्यांनी घटलं. पायरीवरची संभाव्य बाचाबाची वाचवण्यासाठी हे सगळं सोडून द्यायचं, तर तो तोट्याचाच सौदा.

उपाय दाराशी करायचे आहेत. शेवटची ऑर्डर आणि शटर यांत अर्ध्या तासाचं अंतर, पायरीवर मालकाचा एक माणूस, बाहेर दिवा, दुचाकींना वेगळी जागा. कुठल्या दाराशी आधी जायचं हे ठरवायला वेल्समधल्या कार्डिफ शहराचा मार्ग चांगला आहे. जोनाथन शेफर्ड या शल्यविशारदाच्या पुढाकाराने तिथल्या रुग्णालयाने जखमींची नावं गाळून फक्त मारामारीची जागा, वेळ आणि हत्यार पोलिसांना कळवायला सुरुवात केली. तशाच इतर शहरांशी तुलना करता हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण बेचाळीस टक्क्यांनी कमी झालं. सोलापुरात यासाठी नवं कार्यालय काढावं लागणार नाही. डोकं फुटलेला माणूस रात्री सिव्हिल हॉस्पिटललाच येतो आणि सिव्हिलच्या पोलीस चौकीत त्याची नोंद होतेच. ‘किरकोळ कारणावरून’ ही बातमी तिथूनच तर छापली जाते. त्या नोंदीत कारणापुढे आणखी दोन गोष्टी लिहिल्या तरी पुरे: भांडण कुठल्या दारासमोर झालं, आणि शटर पडण्याआधी की नंतर.