एक छत्री, तीन खोल्या

आज टीव्हीविषयी बोलायचं आहे, पण त्यावर काय दिसतं याविषयी नव्हे. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. गच्चीवर उतरलेलं चित्र आतल्या खोलीपर्यंत कसं न्यायचं, एवढाच माझा विषय. मी टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात उमेद घालवली, त्यामुळे मला तो महत्त्वाचा वाटतो असं आमच्या हिचं म्हणणं आहे.

भाईंदरचं आमचं घर म्हणजे जोडफ्लॅट. चाळीतल्या एका खोलीतून उठून मिरा रोड-भाईंदरला आलेल्या अनेकांनी अशीच घरं केली. आधी एक छोटा फ्लॅट, मग चार पैसे जमल्यावर शेजारचा, आणि मधल्या भिंतीत दरवाजा. घर एक, पण मीटर दोन, वायरिंग दोन. टीव्हीची तार पहिल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये उतरते आणि आईची खोली दुसऱ्या फ्लॅटच्या पार टोकाला. दोन वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हॉलपर्यंतची वीस पावलं तिला काशीयात्रेसारखी झाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा चाळीत ज्यांच्याकडे पहिला संच आला त्यांच्या दारात बसून तिने बातम्या पाहिल्या होत्या. ती म्हणाली, "अरे बाळ, मला सिनेमे-बिनेमे नकोत. संध्याकाळच्या सह्याद्रीच्या बातम्या तेवढ्या दिसू देत."

मला वाटलं, यात काय आहे? एक स्प्लिटर आणू, तारेला फाटा काढू.

असं वाटायला कारण होतं. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्धाची थेट चित्रं लोकांनी हॉटेलांत पाहिली, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, पुढच्या ऑक्टोबरात झी. मग गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. या इमारतीच्या गच्चीवरून त्या इमारतीच्या गच्चीवर काळ्या तारा लोंबू लागल्या. त्या काळात स्प्लिटर म्हणजे घरोघरी दिसणारी वस्तू. एका तारेचे दोन फाटे करा, तीन करा, प्रत्येक खोलीत टीव्ही लागे. फार फाटे केले तर चित्रात मुंग्या दिसत, पण चित्र दिसे. केबलवाल्याच्या तारेतून सगळे चॅनेल एकाच वेळी वाहत असत आणि त्यातला हवा तो निवडणं हे टीव्हीचं काम असे.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबल डिजिटल झाली आणि मग टप्प्याटप्प्याने इतरत्रही. चॅनेल कुलूपबंद झाले, प्रत्येक टीव्हीला आपली पेटी लागू लागली. आणि दुसरीकडे अनेकांनी केबल सोडून स्वतःची डिश बसवली. आमच्याकडे आहे ती दूरदर्शनची मोफत डिश. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झाली, आज ती 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. महिन्याचं भाडं नाही.

आता ही डिश काय करते ते पाहू. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर जीसॅट-१५ हा आपला उपग्रह आहे. भाईंदरहून तो आग्नेयेला दिसतो, म्हणजे दिसत नाही, पण तिकडे असतो. कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर जा, सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या आढळतील. आमच्या खिडक्या वसईच्या खाडीकडे, उत्तरेला. खिडकीत डिश लावून उपयोग शून्य, म्हणून ती गच्चीवर. आईसाठी दुसरी डिश लावावी म्हटलं तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, गच्चीला आता एकही नवा बोल्ट नको. मागच्या वर्षी वॉटरप्रूफिंगला किती गेले, ठाऊक आहे ना?" त्यांचं काही चुकलं नाही. पावसाळ्यात आमच्याही छताला ओल येते.

डिशच्या तोंडाशी जो गट्टू असतो त्याला एलएनबी म्हणतात. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी दहा-बारा गिगाहर्ट्झच्या. साध्या तारेतून त्या चार मजले खाली येईपर्यंत विरून जातील. म्हणून एलएनबी त्यांना खालच्या पट्टीत, साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणतो. त्यासाठी त्याला वीज लागते आणि ती खालून, त्याच तारेतून, घरातली पेटी पुरवते. शिवाय ती वीज हा हुकूमही असतो. १३ व्होल्ट दिले तर एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ दिले तर आडव्या. केबलच्या तारेत सगळे चॅनेल तयार येत. इथे खालचा मागेल तेवढंच वरून येतं. दोन खोल्यांनी एकाच तारेवरून वेगवेगळं मागितलं तर वरच्या गट्टूने कोणाचं ऐकायचं?

दूरदर्शनला हा घोळ जाणवणार नाही, सगळं एकाच बाजूचं मागायचं आहे, असा हिशोब करून मी स्प्लिटर लावला. आईची पेटी सुरू झाली. रात्री ही हॉलमधला टीव्ही बंद करून झोपायला गेली आणि आईच्या खोलीतून हाक आली. माझा स्प्लिटर विजेला एकाच फाट्यातून वर जाऊ देत होता, तो फाटा हॉलचा, आणि हॉलची पेटी मुळाशी बंद केल्यावर गच्चीवरचा गट्टूही झोपला. मग दोन्हीकडून वीज सोडणारा स्प्लिटर आणला. तेव्हा दुसरं दुखणं वर आलं. आमची गच्चीपासूनची तार जुनी, वाटेत दोन ठिकाणी जोडलेली, आधीच दमलेली. तिचे फाटे केल्यावर आईकडचं चित्र चौकोन चौकोन होऊन गोठू लागलं. जुन्या केबलवर मुंग्यांतूनही बातमीदाराचा चेहरा ओळखू येत असे. डिजिटलमध्ये तशी सवलत नाही. संदेश पुरता पोचला तर चित्र स्वच्छ, थोडा कमी पडला की काळोख.

इथे माझा भाचा मदतीला आला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही लहर वाटताय. अंक वाटा."

हे वाक्य मला टेलिफोनमुळे चटकन कळलं. उपग्रहाची लहर पेटीत शिरल्यावर तिचे अंक होतात. एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेल एकत्र बांधलेले असतात आणि त्या सगळ्यांचे १८८ बाइटचे छोटे तुकडे एकामागून एक येत राहतात. प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या चॅनेलचा आहे त्याचा क्रमांक असतो. लहरीचे दोन भाग केले की प्रत्येकाला निम्मी मिळते. अंकांची नक्कल केली तर निम्मं काहीच होत नाही. तेव्हा डिशची तार हॉलमध्ये जिथे उतरते तिथेच एक ट्यूनर बसवायचा. तो असे सात तुकडे, म्हणजे १३१६ बाइट, एका पाकिटात भरतो आणि घरातल्या नेटवर्कवर सोडतो, ज्या तारेवरून आपला संगणक चालतो त्याच तारेवर. साधं चित्र सेकंदाला दोन ते पाच मेगाबिट घेतं आणि साधी नेटवर्कची तारही शंभर मेगाबिट वाहते. जागा मुबलक.

या कामासाठी एक ठरलेली भाषाही आहे. लक्झेंबर्गच्या एसईएस या उपग्रह कंपनीने २०१२ मध्ये काही सहकाऱ्यांसह 'सॅट-आयपी' नावाची पद्धत मांडली. पुढे ती युरोपात प्रमाण ठरली. आईच्या टीव्हीजवळची छोटी पेटी नेटवर्कवरून हॉलमधल्या ट्यूनरला चिठ्ठी पाठवते: अमुक फ्रिक्वेन्सी, उभी लहर, अमुक क्रमांकाचे तुकडे मला दे. पूर्वी जे १३ आणि १८ व्होल्टने सांगावं लागे, ते आता चिठ्ठीने. एलएनबीशी बोलणारा एकच, ट्यूनर. बाकी सगळे त्याच्याशी बोलतात. हे काम फुकट मिळणाऱ्या 'टीव्हीहेडएंड' या प्रणालीनेही करता येतं, त्यासाठी छोटासा संगणक आणि उपग्रहाचा ट्यूनर पुरतो.

आमच्या डब्यात ट्यूनर दोन आहेत. एका फ्रिक्वेन्सीवरचे सगळे चॅनेल एकाच ट्यूनरला एकदम मिळतात, त्यामुळे तीन खोल्यांत तीन वेगळे चॅनेल चालू शकतात, मात्र ते मिळून दोनच फ्रिक्वेन्सींवरचे हवेत. तिसरीवरचं कोणी मागितलं तर नकार. स्वयंपाकघरातल्या छोट्या पडद्यावर हा नकार दोनदा आला आणि त्याचं खापर अर्थातच माझ्यावर फुटलं.

सुरुवातीला मी तारेचा आळस केला. वाय-फाय आहे की! पण आईच्या खोलीपर्यंत मध्ये काँक्रीटचा खांब, आणि माझ्या फोनवर शेजारपाजारची मिळून एकवीस वाय-फाय दिसत होती. त्यातून मी पाकिटं सर्वांसाठी एकदम सोडत होतो. तारेवर हे चालतं. हवेत मात्र बरेच राउटर अशा वेळी दवंडी पिटल्यासारखं वागतात. सगळ्यात लांबच्यालाही ऐकू जावं म्हणून अगदी सावकाश बोलतात, आणि कोणाला ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगत नाहीत. चित्र अडखळणारच. शेवटी दरवाजाच्या चौकटीवरून, पट्टीच्या आतून पंधरा मीटर तार ओढली. भिंतीला भोक पाडावं लागलं नाही. त्या दिवसापासून चित्र हललेलं नाही.

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? दूरदर्शन इंटरनेटवर दिसतंच. खरं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीचं 'वेव्हज' ॲपही आलं. पण आमचं ब्रॉडबँड महिन्यातून एखादी संध्याकाळ रजेवर जातं आणि घरातल्या घरात चित्र फिरवायला बाहेरचं इंटरनेट लागत नाही. बाहेरच्या कोणावर अवलंबून राहिलं की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. कॅलिफोर्नियाच्या क्रिकोरियन बंधूंनी २००५ मध्ये 'स्लिंगबॉक्स' काढला होता. घरचा टीव्ही इंटरनेटवरून जगात कुठेही बघा, अशी ती पेटी. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या घरातल्या धडधाकट पेट्या एका दिवसात निरुपयोगी झाल्या.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगतो. हे जमतं ते कुलूप नसलेल्या चॅनेलना. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे चॅनेल त्यांच्या पेटीतच उघडतात आणि पेटीतून टीव्हीकडे जाणाऱ्या एचडीएमआय तारेवरही सहसा कुलूप असतं. तिथे दुसऱ्या खोलीसाठी कंपनीचं जादा कनेक्शन घ्यावं, उगाच उचापती करू नयेत. आणि हे सगळं आपल्या उंबऱ्याच्या आत. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी गमतीने विचारलं, "काका, एक तार इकडे सोडा, महिना शंभर रुपये देतो." १९९५ च्या कायद्याप्रमाणे केबलचा धंदा करायला नोंदणी लागते, असं मी त्यांना सांगितलं. चहा मात्र पाजला.

आता आईच्या खोलीत हॉलपेक्षा दोनेक सेकंद उशिरा चित्र येतं. पाकिटं जमवून ठेवण्यात तेवढा वेळ जातो. बातम्यांना काही फरक पडत नाही. पण दूरदर्शनवर क्रिकेटचा सामना असला की हॉलमधला नातू ओरडतो, आणि आई पडद्याकडे बघत, गोलंदाज अजून धावत असताना, आम्हाला सांगते, "आता जाणार बघ हा." तिच्या खोलीतल्या रिमोटवर मी चिकटपट्टी लावून तीनच बटणं उघडी ठेवली आहेत. वीज गेली की आधी राउटर, मग ट्यूनर, मग तिची पेटी, या क्रमाने सुरू करावं लागतं. तो क्रम मी कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवला आहे. गेल्या जुलैत एका संध्याकाळी पाऊस असा कोसळला की डिशकडून येणारी लहरच ढगांत हरवली, ब्रॉडबँडही गेलं. कागदावर त्याच्यासाठी काही लिहिलेलं नव्हतं. आई म्हणाली, "ट्रान्झिस्टर कुठे ठेवलायस?"