घरातील दोऱ्या आणि लहान मुले : लेखांक ६ – आतली दोरी

गुंडाळत्या पडद्यांच्या मण्यांच्या साखळीविषयी या खेपेस लिहीन असे मी कबूल केले होते. परंतु मधल्या आठवड्यात नाशिकहून एका आजोबांचे जे पत्र आले, त्याचे उत्तर देणे अधिक निकडीचे आहे, सबब साखळीचे प्रकरण तूर्त तहकूब ठेवतो.

मागील लेखांक वाचून त्यांनी नातवाच्या खोलीतील आडव्या पट्ट्यांच्या पडद्याच्या दोऱ्यांचा जोडलेला फासा कात्रीने कापला, दोन्ही टोकांना निरनिराळे गोंडे बांधले, आणि ‘आता निर्धास्त राहावे ना?’ असे विचारले आहे. बाळ अकरा महिन्यांचे असून त्याचा कठड्याचा पलंग उजेडासाठी खिडकीलगत ठेवला आहे.

आजोबा, आपण केलेत ते योग्यच. पण निर्धास्त राहू नये. अमेरिकेतील कारखानदारांनी १९९५ च्या सुमारास हाच उपाय स्वीकारला होता. तथापि २००० साली तेथील ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाला त्याच पडद्यांच्या दुरुस्तीची मोहीम जाहीर करावी लागली, कारण १९९१ पासून १६ बालकांना बाहेरच्या नव्हे, तर पट्ट्यांमधून जाणाऱ्या आतल्या दोरीचा फास बसल्याचे नोंदले गेले होते. ही बालके ९ ते १७ महिन्यांची होती, एक वगळता सारी खिडकीलगतच्या पलंगात वा कठड्यात होती, आणि बहुतेक घरांत बाहेरची दोरी मोठ्या दक्षतेने त्यांच्या हाताबाहेर ठेवलेली होती. हा शेवटचा तपशील मी प्रथम वाचला तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

हे घडते कसे, ते मी माझ्याच खिडकीशी उभा राहून पाहिले. पडदा पूर्ण खाली सोडला, चौथ्या आणि पाचव्या पट्टीमधली दोरी दोन बोटांनी धरून हलकेच पुढे ओढली; तत्क्षणी बाहेरचा गोंडा वर सरकू लागला, आणि माझ्या हातात डोके सहज जाईल एवढा फासा आला. दोरी एकच आहे : वरच्या पेटीतून बाहेर लोंबते ती आणि तळपट्टीपर्यंत उतरते ती, खटका मोकळा असला की बाहेरची ढील आत येते. मूल पट्ट्यांशी खेळता खेळता तो फासा गळ्यात घेते, पाय निसटतो, आणि नाजूक श्वासनलिका व मानेतील रक्तवाहिन्या दाबल्या गेल्याने त्याला रडताही येत नाही. शेजारच्या खोलीतल्या आईला काही ऐकू येत नाही, आणि सारे दोन-तीन मिनिटांत आटोपते.

उपाय म्हणजे थोपा. पडदा पूर्ण उतरवून, बाहेरच्या प्रत्येक दोरीवर पेटीच्या खाली एक-दोन इंचांवर छोटी कडी गाठीने घट्ट बसवावी, म्हणजे ती पेटीच्या तोंडाशी अडते आणि बाहेरची ढील आत शिरत नाही. पडदा वर ओढताना ती दोरीबरोबर खाली येते, त्यामुळे वापरात खोळंबा होत नाही. बसविल्यावर प्रत्येक आतली दोरी ओढून पाहावी; फासा येत असेल तर कडी आणखी वर न्यावी. बिनदोरीचा पडदा लावता आला तर उत्तमच.

मात्र थोपा बाजारातून आणून बसवीपर्यंत दोन दिवस जातील. पलंग सरकविण्यास दोन माणसे आणि पाच मिनिटे पुरतात. तो खिडकीपासून दूर, पलीकडच्या भिंतीशी, बाळाला आज निजविण्यापूर्वीच न्यावा.