कोयता, तिफण आणि भंगारवाला

दसरा सरला की चौसाळ्याच्या पट्ट्यात कोयत्यांना धार लागते. धुळे–सोलापूर रस्त्यावरचं हे बीड तालुक्यातलं गाव. दिवाळीच्या मागेपुढे या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’, आणि उचल त्याच हिशेबानं. जुन्या हत्यारांविषयी बीडमधून लिहायला बसलं की संग्रहालय नंतर आठवतं, आधी हे आठवतं. इथं हाताचं हत्यार अजून कामावर आहे, आणि ते हौसेनं नव्हे.

कोयता हलका हवा, कारण मनगट दिवसभर उचलतं. आणि टणक हवा, कारण ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. साखर बुडख्यात जास्त असते, बोटभर खुंट वर राहिला तरी कारखान्याचं नुकसान. मग त्याच कोयत्यानं पाचट सोलायचं, वाढं छाटायचं. असा कोयता बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडतो. आठवडी बाजाराच्या कडेला घिसाडी कुटुंबाचा भाता दिसला तर दहा मिनिटं थांबून बघा. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो आणि घण बहुतेक वेळा बाई चालवते. घडण झाली की पातं लालबुंद तापवून फक्त धारेचा भाग पाण्यात बुडवतात. लगेच बाहेर काढून दगडावर घासलं की पांढऱ्या झालेल्या पोलादावर पाठीकडची उष्णता धारेकडे सरकताना दिसते: आधी फिका पिवळा रंग, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोणत्या रंगावर पुन्हा पाण्यात घालायचं, यातच लोहाराची विद्या. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक पण ठिसूळ, निळ्यावर गेलं तर चिवट पण मऊ. पिवळा साधारण 230 अंशांना येतो, निळा 300च्या आसपास. तापमापक कुणाकडेच नसतो.

सुताराची हत्यारं मात्र इथं झपाट्यानं माळ्यावर गेली. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट, करवत यांवर गावाची औतं उभी होती. त्यातली तिफण मला सगळ्यात हुशार वाटते. बाभळीच्या दिंडाला तीन फण, प्रत्येक फणाला एक नळी, आणि तिन्ही नळ्या वर लाकडी चाड्यात एकत्र आलेल्या. चाड्यावर मूठ धरणारी बाई बोटांतून बी असं सोडते की तिन्ही तासांत ते सारखं पडावं. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातही बी नळ्यांतूनच उतरतं. तिथं मुठीचं काम चकती करते, एवढंच.

नव्या हत्याराची भीतीही जुनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे 1910मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर गावोगाव पोचला. आता तसले नांगर किलोच्या भावानं भंगारात जातात, नाहीतर हायवेवरच्या ढाब्याच्या भिंतीला ऑइलपेंट फासून टांगलेले दिसतात. याला संग्रह म्हणणं मला जड जातं.

संग्रह पुण्यात दिनकर केळकरांनी केला. अडकित्ते, दिवे, कुलपं अशा घरातल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर वेचल्या आणि मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं केलेलं ते संग्रहालय 1975 साली सरकारला देऊन टाकलं. बीडच्या पाण्याच्या चामडी छागली आणि गुप्त्यांचं नाव इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे, पण ओळभर. ती छागल शिवणाऱ्याची रांपी कशी होती, आरी कशी होती, हे त्या ओळीत मावत नाही.

आता ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. गंज रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशनं काढा. लोखंड चकचकीत करू नका, त्या काळपट थरानंच ते टिकलं आहे. कंपनीचा ठसा, लोहाराची खूण घासू नका. बोथट पटाशी ग्राइंडरवर धरून निळी पडली तर तिचं पाणी उतरलं म्हणून समजा. पाण्याच्या दगडावर हातानं लावा. पोलादाचा कस बघायचा असेल तर ग्राइंडरला कोपरा निसटता लावा: कार्बन भरपूर असेल तर ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, मऊ लोखंडाच्या नुसत्या लांब रेघा पडतात. लाकडी दांड्याला व्हार्निश नको, जवसाचं तेल द्या. ते हवेत सुकून लाकडात मुरतं आणि हाताची पकड सुटत नाही. आणि पटाशी चालत असेल तर चालवा. खुर्चीचा सैल झालेला सांधा तिनं बसवता येतो.

कोयत्याचं म्हणाल तर त्यावर गहिवरून लिहायचं कारण नाही. ऊसतोडणी यंत्रं शिवारात उतरली आहेत, आणि कोयता सुटला तर हळहळण्याआधी त्या हातांना दुसरं काम आहे का हे विचारायला हवं. पण हे हत्यार माहितीच्या पाटीसकट जपलं जावं. बीड जिल्ह्यात कधी हत्यारांचं दालन झालंच तर पहिल्या कपाटात तलवार न ठेवता कोयता ठेवावा.

यंदा खंडेनवमीला पुजलेली हत्यारं परत माळ्यावर टाकण्याआधी एक करा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा: हत्याराचं घरातलं नाव, कुणी घडवलं, लाकूड कोणतं, कोण वापरत होतं. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर हे विचारून घ्या. भंगारवाला दर आठवड्याला येतो.