गिरण्यांचे शहर वूच

विद्यार्थ्यांनो, पोलंडमधील वूच या शहराच्या नावाचा अर्थ ‘होडी’. पण ते प्रसिद्ध झाले कापडगिरण्यांमुळे. आपल्या भिवंडी-मालेगावप्रमाणे तेथेही हजारो कुटुंबांचे पोट सुतावर चाले. १९८९ नंतर सोव्हिएत बाजारपेठ तुटली. एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. हजारो कामगार बेकार झाले. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या.

पुढे शहराने लाल विटांच्या अनेक जुन्या इमारती जपल्या. पोझनान्स्की यांच्या गिरणीत २००६ साली ‘मानुफाक्तुरा’ हे दुकाने, चित्रपटगृहे व संग्रहालय असलेले केंद्र सुरू झाले. १९०७ च्या वीजकेंद्रात आता विज्ञानकेंद्र आणि तारांगण आहे.

वूच पाहायला गेलात, तर या भिंती जरूर पाहा. इमारती वाचल्या, हे चांगलेच झाले. पण मागावर राबणाऱ्या हातांना पुन्हा काम मिळाले का, हेही तेथे विचारा.